काचेवरची टिचकी

आमच्या गावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे टिचकीबाई म्हणत. तोंडावर अर्थात 'मॅडम', पण त्या जिना उतरायला लागल्या की खालच्या मजल्यावरची मुलं एकमेकांना कोपरानं ढोसून सांगायची, "टिचकी आली रे, टिचकी!" बाईंना हे ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग येत नसे. रागासाठी त्यांच्याकडे एकच माणूस होता. त्याच्यासाठी त्यांनी सगळा राग जपून ठेवला होता, इकडेतिकडे सांडू दिला नव्हता.

नाव पडलं ते त्यांच्या एका सवयीवरून. प्रात्यक्षिकाच्या खोलीत लांब लाकडी टेबलं होती. त्यांवर ॲसिडचे डाग, पितळी स्क्रू, तारांची भेंडोळी आणि काचेच्या तोंडाची जुनी मीटरं. अशा मीटरच्या आत केसाएवढा बारीक काटा एका टोकदार खुंटीवर तोललेला असतो. खुंटीच्या बुडाशी धूळ बसते, गंज धरतो, आणि मग काटा जिथं पोचायचं तिथं पोचत नाही, वाटेतच अडखळून बसतो. म्हणून रीडिंग घेण्याआधी काचेवर नखानं हलकी टिचकी मारायची. काटा दचकतो, थरथरतो आणि आपल्या खऱ्या जागी जातो. मग डोळा बरोबर त्याच्यावर आणायचा आणि आकडा लिहायचा.

बाईंच्या खोलीत टिचकीशिवाय घेतलेलं रीडिंग चालत नसे. पाठमोऱ्या उभ्या असल्या तरी त्यांना कळायचं.

"टिचकी ऐकू आली नाही मला."

"मारली मॅडम. हळू मारली."

"माझ्या कानांचं वय झालंय, पण इतकं नाही. खोड तो तक्ता."

"मॅडम, काटा हललाच नसता. झोपला होता तो."

"तो झोपला तर चालतं, त्याला परीक्षा द्यायची नाही. चल, पहिल्यापासून."

मुलं हसायची, तक्ता खोडायची आणि पुन्हा मांडायची. हे खूळ बाईंना कुठून लागलं ते कोणी विचारलं नाही. मला कळलं ते फार उशिरा, त्यांच्या धाकट्या भावाकडून. तो आणि मी शाळेत एका बाकावर बसलेले. त्यानं सांगितलेलं आणि त्या दिवशी कॉलेजच्या नव्या दालनात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं, असं दोन्ही जोडून ही हकिगत सांगतो. मी भौतिकशास्त्र शिकलेलो नाही. पण डूख धरलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं.

बाई तरुण होत्या तेव्हा संशोधन करायला विद्यापीठात गेल्या. गावातून त्या कामासाठी गेलेलं तोपर्यंत कोणीच नव्हतं. तिथं मार्गदर्शक म्हणून मिळाले ते मोठे सर. तेव्हा ते मोठे नव्हते. विभागाच्या टोकाला एक अंधारी खोली, चकचकीत बूट आणि गोड जीभ, एवढाच त्यांचा पसारा. मोठे ते पुढे झाले. कशाच्या जोरावर झाले, तेच सांगायचं आहे.

बाईंचं काम होतं काचेच्या पट्टीवर धातूचा अगदी पातळ थर चढवण्याचं. काचेच्या घुमटाखालची हवा पंपानं ओढून घ्यायची, आत धातू तापवायचा, आणि त्याची वाफ पट्टीवर धरायची, थंड आरशावर श्वास धरतो तशी. मग ती पट्टी हळूहळू तापवत न्यायची, तिच्यातून वीज सोडायची, आणि थर विजेला किती अडवतो ते मोजायचं. धातू जितका तापेल तितका तो विजेला अडवतो. म्हणून आलेखाची रेघ सावकाश वर चढत जायला हवी. बाईंची रेघ चढता चढता मध्येच सपाट होई, थोडी तशीच जाई, आणि एकदम उडी मारून पुन्हा चढू लागे. डोंगरउतारावर कुणी एकच पायरी खोदून ठेवावी तशी.

ही पायरी पहिल्यांदा दिसली तेव्हा बाई चप्पल न घालता सरांच्या खोलीपर्यंत धावत गेल्या होत्या. सरांनी आलेख उलटसुलट करून पाहिला.

"पुन्हा काढ."

पुन्हा काढली, पुन्हा आली. जाड थर घेतला, तर पायरी जास्त तापमानाला आली. अजून जाड घेतला, अजून वर सरकली. म्हणजे तिला काहीतरी नियमही होता. सरांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "हे बाहेर कोणाला बोलू नकोस हं. आपण लिहू. नीट, सावकाश लिहू."

ते सावकाश लिहिणं बाई घरी आल्या असताना झालं. वडील अंथरुणाला खिळले होते, म्हणून त्या आल्या होत्या. वडील गेले, सगळं आवरलं, आणि बाई परत गेल्या. एक पट्टी तापायला ठेवून त्या ग्रंथालयात डोकावल्या, तर नव्या अंकांच्या फळीवर त्यांची पायरी छापून आलेली. निबंधावर नाव एकट्या सरांचं. अगदी शेवटी, बारीक टायपात, आभार: मोजमापाच्या कामी झालेल्या मदतीबद्दल. तिथं बाईंचं नाव.

अंक हातात घेऊनच त्या सरांकडे गेल्या.

"सर, माझं नाव?"

"आहे की. शेवटी बघ."

"ते आभारात आहे."

"मग? इथं किती मुलींचं नाव छापून येतं गं?" सर हसले. "हे बघ, रीडिंग घेणं म्हणजे संशोधन नव्हे. हमाल विटा वाहतो, म्हणून इमारत त्याची होते का? वडील गेलेत तुझे, मन थाऱ्यावर नाही. जा, जरा आराम कर."

बाई आराम करायला गेल्या नाहीत. त्या प्रयोगशाळेत आल्या. पट्टी तापत होती. मीटरचा काटा नेहमीच्या ठिकाणी येऊन थांबला होता, पायरी चालू होती. तीच पायरी, जी आता त्यांची राहिली नव्हती. संतापानं त्यांनी मीटरवर हात आपटला. काचेचा एक कोपरा तडकला.

आणि काटा सरकला.

बाईंनी जुने सगळे तक्ते काढले. पातळ थर असो की जाड, पायरी वेगवेगळ्या तापमानाला यायची. पण काटा थांबायचा तो मीटरच्या तबकडीवरच्या एकाच खुणेपाशी. इतके दिवस त्यांनी तापमानाकडे पाहिलं होतं, खुणेकडे कधी पाहिलं नव्हतं. धातूत काही होत नव्हतं. खुंटीच्या बुडाशी कसला तरी कण होता, आणि काटा त्याला अडत होता, एवढंच. मग त्यांनी नव्या पट्ट्या लावल्या आणि प्रत्येक रीडिंगआधी काचेवर टिचकी मारली. रेघ सरळ चढली. पायरी नव्हतीच.

हे सांगायला त्या सरांच्या दारापर्यंत गेल्या. दारावर थाप मारायला हात उचलला. आत सर फोनवर कोणाशी तरी बोलत होते. "अहो, कसलं कौतुक! ही पायरी अचानकच सापडली मला. हो, हो, एकट्यानंच." आणि मोठ्यानं हसले.

बाईंनी हात खाली घेतला. मनात म्हणाल्या, चढ. अजून वर चढ. जितका वर जाशील तितकं पडताना लागेल.

सरांनी पुढं त्यांच्या प्रबंधावर सही केलीच नाही. काम कच्चं आहे म्हणाले. बाईंनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या गावी परतल्या आणि आमच्या कॉलेजात शिकवू लागल्या. लग्नाचं घरच्यांनी काढलं तेव्हा म्हणाल्या, "माझं एक काम राहिलंय, ते होऊ दे." घरच्यांना वाटलं, अभ्यास.

सर मात्र चढत गेले. विभागप्रमुख झाले, समित्यांवर गेले, हारीनं मानपत्रं मिळाली. त्यांच्या हाताखालची मुलं त्याच मीटरवर काम करत होती, म्हणून त्यांनाही पायरी सापडत होती. लांबच्या कुठल्या प्रयोगशाळेनं कळवलं की आमच्याकडे असं काही दिसत नाही, तर सर म्हणत, "थर चढवायला हात लागतो, बाबांनो. तो सगळ्यांना नसतो." ऐकणारे माना डोलवत. पुढं त्यांनी पाठ्यपुस्तक लिहिलं. त्यात पायरीचा आलेख पानभर छापला. ते पुस्तक आमच्या कॉलेजला लागलं.

म्हणजे आता बाईंनी ती पायरी शिकवायची.

दर वर्षी तो धडा यायचा. त्या दिवशी बाईंचा चेहरा दगडासारखा असे. फळ्यावर रेघ काढत, मध्ये पायरी काढत, आणि पायरीच्या कोपऱ्यावर खडू असा दाबत की मोडून पडे. मग फक्त म्हणत, "पुस्तकात असं दिलं आहे." एवढंच. बाकी प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायला लावणारी बाई या धड्याला 'का' विचारू देत नसे. परीक्षेत ज्यानं पायरी काढली त्याला गुण मिळत, आणि ते गुण बाई स्वतः देत.

भावानं नंतर एकदा विचारलं, "ताई, खोटं कसं शिकवत राहिलीस गं?"

"शिकवलं नाही. पुस्तकात दिलंय, एवढं म्हटलं. दिलंच होतं."

मग विद्यापीठाच्या विभागात नवी, आकडे दाखवणारी यंत्रं आली. जुनी उपकरणं गावोगावच्या कॉलेजांना वाटून टाकायचं ठरलं. बाई स्वतः गेल्या. मोडक्या स्टुलांच्या आणि गंजलेल्या वजनांच्या ढिगात त्यांना ते मीटर दिसलं; काचेचा एक कोपरा तडकलेलं. बसमध्ये त्यांनी ते तान्ह्या बाळासारखं मांडीवर धरून आणलं. कॉलेजात कपाटाच्या वरच्या खणात ठेवून किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. उपकरणं साफ करणारा कारागीर वर्षातून एकदा यायचा. तो बाकीची सगळी मीटरं खोलून पुसून द्यायचा. हे एक मीटर त्यानं कधी पाहिलं नाही. आतला तो कण बाईंना जसाच्या तसा हवा होता.

आता भिंगरीबद्दल सांगतो, कारण सगळं येऊन अडलं ते तिच्यापाशी.

भिंगरी म्हणजे बाईंच्या भावाची मुलगी. एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं, म्हणून हे नाव. भाऊ आणि वहिनी कामानिमित्त सारखे बाहेरगावी असत, त्यामुळे ती आत्याकडेच वाढली. आत्याचं सगळं तिनं उचललं. भुवया उडवणं, चहात साखर न घालणं, आणि लोणच्याच्या बरणीपासून खिडकीपर्यंत दिसेल त्या काचेवर टिचकी मारणं. डोकं तर आत्यापेक्षा काकणभर सरसच. एके दिवशी ती उड्या मारतच घरी आली.

"आत्या, मला संशोधनाला प्रवेश मिळाला! आणि ओळख कोणाकडे? मोठ्या सरांकडे! शेवटची विद्यार्थिनी घेतायत ते, निवृत्त होण्याआधी. आणि विषय ठाऊक आहे? पायरी!"

बाई चहा गाळत होत्या. गाळणं हातात तसंच राहिलं.

त्या वेळी एक वाक्य बोलल्या असत्या तरी पोर वाचली असती. पण तिच्याबरोबर सरही वाचले असते. पोरीनं जाऊन सांगितलं असतं, सरांनी कुठंतरी कोपऱ्यात चार ओळींचं टिपण छापून विषय गुंडाळला असता, आणि वर आपल्या प्रामाणिकपणाची वाहवा मिळवली असती. इतकी वर्षं बाईंनी जपलेलं सगळं पाण्यात गेलं असतं.

"जा," बाई म्हणाल्या. "नीट काम कर."

सुरुवातीला भिंगरी येताना आनंदानं यायची. एकदा सरांच्या पहिल्या निबंधाची प्रत घेऊन आली आणि शेवटचं पान आत्यासमोर नाचवत म्हणाली, "बघ, तुझंही नाव आहे! ही आभारातली तूच ना? मला कधी सांगितलं नाहीस!"

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?" बाईंनी ते पान घडी घालून तिला परत दिलं. घडीवरून नख असं फिरवलं की कागद फाटायचा बाकी राहिला.

मग भिंगरीचं येणं कमी झालं. आणि एका दुपारी ती न सांगता आली, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून खाली बसली आणि रडू लागली.

"येत नाही, आत्या. पायरी येतच नाही. किती थर चढवले, धुऊन पुसून, जीव ओतून चढवले. नव्या यंत्रावर रेघ सरळच्या सरळ जाते."

"सर काय म्हणतात?"

"म्हणतात, हाताला सफाई नाही. पुढच्या वेळी रिकाम्या हातानं येऊ नको म्हणाले." तिनं नाक पुसलं. "आत्या, आधीच्या एका मुलानं मला सांगितलं, तो नुसती काढून द्यायचा. म्हणजे हातानं. पेन्सिलीनं. म्हणाला, सर खूश होतात. मी पण काढू का गं?"

बाई तिच्याजवळ बसल्या. तिचे केस मागे सारले. भाऊ म्हणतो, त्या क्षणी ताईनं तोंड उघडायला हवं होतं. मला वाटतं, उघडायला आलंही असेल. पण कॉलेजात नवं दालन बांधून झालं होतं, सरांच्या शब्दावर मिळालेल्या निधीतून. त्यावर सरांचं नाव कोरलं जात होतं, आणि उद्घाटनाला ते स्वतः येणार होते. इतकी वर्षं वाट पाहिलेली गोष्ट आपल्या पायांनी दारात येत होती.

"काढू नकोस," बाई म्हणाल्या. "उद्घाटनाला त्यांच्याबरोबर तूच ये. पायरी मी तुला दाखवते."

दुसऱ्या दिवशी बाई प्राचार्यांकडे गेल्या. "सरांचा तो गाजलेला प्रयोग सगळ्यांसमोर करून दाखवला तर? ज्या मीटरवर पायरी सापडली, ते मूळ मीटर आपल्याकडेच आहे."

प्राचार्य खुर्चीतून उठलेच. "मॅडम! आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"योग्य वेळेची वाट बघत होते."

उद्घाटनाला गाव लोटलं होतं. मीही गेलो. नवा रंग, नव्या खुर्च्या, भिंतीवर सोनेरी अक्षरांत सरांचं नाव. मध्यभागी टेबल, त्यावर शेगडी, पट्टी, तारा, आणि ते तडकल्या काचेचं मीटर. त्यावर कॅमेरा लावला होता, त्यामुळे काटा समोरच्या पडद्यावर माणसाच्या हाताएवढा दिसत होता. सर आले. केस पिकलेले, बूट तसेच चकचकीत. मीटर पाहून त्यांचे डोळे पाणावले. "माझा जुना सोबती," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फीत कापून झाली, भाषण झालं. भिंगरी टेबलापाशी उभी राहिली. आत्यानं तिला एवढंच बजावलं होतं, की पहिल्या पट्टीच्या वेळी मीटरच्या काचेला हात लावू नकोस. पट्टी तापू लागली. ती आकडे सांगत फळ्यावर ठिपके देऊ लागली. रेघ चढली, चढली, आणि पडद्यावरचा काटा थांबला. तापमान वाढतंय, काटा जागचा हलत नाही. मग एकदम उडी!

"ही पाहा!" सर ओरडले. दालन टाळ्यांनी भरून गेलं. भिंगरीचा चेहरा असा उजळला की तिच्याकडे पाहून मलाही हसू आलं. एवढे दिवस शोधलेली पायरी ती पहिल्यांदाच बघत होती.

टाळ्या थांबल्या तशा दुसऱ्या रांगेतून बाई उठल्या.

"आता दुसरी पट्टी. जाड थराची."

सरांनी वळून पाहिलं. "आपण?"

"मी? मी आभारातली."

लोकांना काही कळलं नाही. सरांना कळलं असावं, कारण त्यांचं हसू ओठांवरच वाळलं. पण प्राचार्य उत्साहात होते. "हो हो, लावा की दुसरी!" दुसरी पट्टी लागली. काटा सरकत सरकत आला आणि थांबला.

"भिंगरी, तापमान किती?"

"मघापेक्षा बरंच जास्त. जाड थर आहे, नियमाप्रमाणे बरोबर."

"आणि काटा कुठं थांबलाय?"

भिंगरीनं पडद्याकडे पाहिलं. मग मीटरकडे पाहिलं. मग फळ्यावरच्या पहिल्या आकड्यांकडे. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला, कुणी वात खाली केल्यासारखा.

"तिथंच," ती म्हणाली. "मघाच्याच खुणेवर."

"मार टिचकी."

भिंगरीचा हात उठला नाही. ती आत्याकडे बघत होती. तेव्हा बाई स्वतः पुढं झाल्या, वाकल्या, आणि काचेवर नख वाजवलं. आवाज तो केवढासा! पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. पडद्यावरचा काटा दचकला आणि मुकाट्यानं सरकून आपल्या खऱ्या जागी जाऊन उभा राहिला. पायरी गेली. बाईंनी पुन्हा टिचकी मारली, पुन्हा. आकडे स्वतःच फळ्यावर मांडले. सरांच्या रेघेशेजारी दुसरी रेघ चढली, साधी, सरळ.

"यंत्रात कण अडकलाय, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "पहिल्यापासून."

दालनात कुजबुज सुरू झाली. सर उभे राहिले. इतका वर चढलेला माणूस सहजासहजी पडत नाही. हाताला लागेल ते धरतो.

"एक मिनिट," ते म्हणाले. "यात माझी काय चूक? ही मोजमापं मी केलेलीच नाहीत. ती या बाईंनी केली. सगळीच्या सगळी! माझ्या निबंधात तसं स्पष्ट छापलंय. टिचकी न मारण्याचा हलगर्जीपणा यांचा!"

बाई हसल्या. त्यांना तसं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"सगळी माझी होती ना, सर? पट्ट्या माझ्या, रीडिंग माझी, आलेख माझा?"

"अर्थात तुमचा! मी तर नुसता..." आणि सर थांबले.

"बोला ना. नुसते काय?"

सरांनी पाणी मागितलं. प्राचार्यांनी घाईघाईनं पेला भरला, तो सरांच्याच बुटांवर सांडला.

"एवढंच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," बाई म्हणाल्या. "चूक माझीच होती. ती तुम्ही चोरलीत. तुमच्या नावावर दुसरं काहीच नव्हतं."

सर मागच्या दारानं गेले. पुढं त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतून तो धडा गेला, समित्यांवरून नाव गेलं. भिंतीवरची सोनेरी अक्षरं मात्र अजून आहेत. ती खरवडायची कुणी यावर कॉलेजात एकमत होत नाही.

लोक पांगले तेव्हा भिंगरी टेबलावरच्या तारा गुंडाळत होती. मी दाराशी होतो.

"मला प्रवेश मिळाला तेव्हा तुला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"होतं."

"मी ओट्याशी बसून रडले तेव्हा?"

"तेव्हाही." बाईंचा आवाज मऊ होता. "तुला सांगितलं असतं तर तो सुटला असता, बाळा."

"आणि मी सुटले असते."

भिंगरीनं मीटर उचलून छातीशी धरलं. "हे मी नेते."

"ने."

"बरं," म्हणाली, आणि निघाली. एवढंच. मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ती आत्याच्या घरी आली नाही. मार्गदर्शक बदलला, विषय बदलला, सगळं काम पुन्हा पहिल्यापासून केलं. बाईंच्या घरी भावानं एकदा तोंड उघडलं: "ताई, पोरीला वापरलंस तू." बाईंनी त्याच्यापुढं जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "जेव."

मग एके दिवशी भाऊ एक अंक घेऊन आला. नव्या कामाच्या जोडीनं भिंगरीनं त्या मीटरवर लिहिलेला निबंध छापून आला होता. पायरी कशी नाही, मीटर उघडल्यावर आत काय सापडलं, इतकी वर्षं ते सगळ्यांना कसं चकवत राहिलं, सगळं तिनं मांडलं होतं. वर नाव तिचं एकटीचं. भावाला अभिमानानं धड बोलता येत नव्हतं.

"शेवटी बघ, ताई. तुझंही नाव आहे!"

बाईंनी चष्मा लावला आणि शेवटचं पान उघडलं. बारीक टायपात आभार होते: मोजमापाच्या कामी झालेल्या मदतीबद्दल. अक्षर न् अक्षर तेच. खाली त्यांचं नाव.

बाईंनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. भाऊ सांगतो, ताईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू त्यावर काहीतरी आलं. दुखलेलं होतं, पण त्यात कौतुकही होतं. पोरगी पायऱ्या चढताना पाहून आईच्या चेहऱ्यावर येतं तसलं.

"पोरगी माझ्यावर गेली," बाई म्हणाल्या.

भावाला त्या ओळीतली मेख कळली नव्हती, पण काहीतरी बिनसलंय हे कळलं. "ताई, तू फोन कर तिला. बोलून टाक एकदा."

"तिची वेळ आली की ती करेल."

"आणि नाही केला तर?"

बाईंनी अंक मिटला. खिडकीच्या काचेवर सवयीनं एक टिचकी मारली.

"मी किती वर्षं थांबले होते, ठाऊक आहे ना तुला?"

"हो."

"मग तीही थांबेल."